अठ्ठावीस युनिटांची शर्यत

आमच्याकडे 'मोटार' म्हटलं की डोळ्यांपुढे गाडी येत नाही, विहीर येते. 'मोटार चालू कर', 'मोटार जळाली', 'मोटार काढायला माणसं बोलाव' ही वाक्यं नांदेड-लातूरकडच्या कुठल्याही गावात दिवसातून दहादा कानी पडतात. त्यात रस्त्यावर पळणारं काहीही नसतं. रस्त्यावर पळते ती गाडी. मोटार पाण्यात बुडालेली असते, नाहीतर विहिरीच्या काठी पत्र्याच्या शेडमध्ये गुणगुणत असते.

नांदेडजवळचं विष्णुपुरी तर मोटारींच्याच जिवावर आहे. गोदावरीवर इथं अडवलेलं पाणी आपल्या पायानं शेतात जात नाही, ते पंपांनी उचलून कालव्यात टाकावं लागतं. आशियातला सगळ्यात मोठा उपसा सिंचन प्रकल्प, असं इथला माणूस पाहुण्याला हटकून सांगतो. जवळच श्री गुरू गोविंदसिंगजींच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९८१ पासूनचं. तिथं वर्गातल्या फळ्यावर विजेच्या मोटारीची आकृती निघते आणि नदीकाठी तीच आकृती लोखंडाची होऊन पाणी ओढत असते. अशा गावात बसून मला शर्यतीच्या एका गाडीविषयी लिहायचं आहे, कारण त्या गाडीत इंजिन नाही. मोटार आहे. आमच्या अर्थाची.

गाडी एकाच माणसाची. चाकं उघडी, अंग कार्बन फायबरचं, बसणारा जवळजवळ आडवा. पाठ जमिनीला लागायला आलेली, पाय पुढं आणि थोडे वर. त्याच्या पाठीमागं बॅटरी, तिच्या मागं मोटार. आणि नाकावर नाव महिंद्राचं! मराठवाड्यात महिंद्रा म्हणजे एकतर ट्रॅक्टर, नाहीतर काळीपिवळी. नऊ माणसांच्या जागेत सोळा बसवून, टपावर दोन शेळ्या बांधून जी गाडी बाजाराच्या दिवशी निघते ती. त्याच नावाची एकआसनी गाडी १० जून २०१७ रोजी बर्लिनमध्ये जागतिक दर्जाची शर्यत जिंकून आली, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं. पण नवल त्या विजयापेक्षा मोठं आहे, आणि ते विजेच्या बिलाच्या भाषेत सांगता येतं.

युनिट म्हणजे काय ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे, दर महिन्याला त्यावरून घरात बोलणं होतं. एक किलोवॅटचं यंत्र तासभर चाललं की एक युनिट. विहिरीवरची पाच एचपीची मोटार पावणेचार किलोवॅटची. प्रत्यक्षात ती थोडी जास्तच ओढते, तेव्हा तासाला चार-साडेचार युनिटं धरा. बर्लिन जिंकणाऱ्या त्या गाडीचं नाव 'एम थ्री इलेक्ट्रो'. तिच्या बॅटरीत शर्यतीसाठी वापरायला मिळत होती २८ युनिटं. एवढ्यात आपली पाच एचपीची मोटार सहा-सात तास चालेल. म्हणजे थ्री फेजची एक पाळी, त्यापेक्षा जास्त नाही. उसाला एकदा पाणी द्यायला जेवढी वीज लागते तेवढ्यात जगातले निवडक चालक शर्यत खेळत होते.

आता दुसरी बाजू. त्या गाडीची मोटार २०० किलोवॅटपर्यंत जाऊ शकायची, म्हणजे पाच एचपीच्या पन्नासावर मोटारी एका दांड्याला जुंपल्यासारख्या. शर्यतीत नियमानं १७० किलोवॅटची मर्यादा होती. पाय खाली दाबून धरला आणि काढलाच नाही, तर १७० किलोवॅटनं २८ युनिटं किती वेळ पुरतील? भागाकार करून बघा. जेमतेम दहा मिनिटं!

शर्यत मात्र पाऊण तासाच्या वरची. त्या काळात प्रत्येक चालकाला दोन गाड्या मिळत. निम्म्या वाटेवर तो गॅरेजमध्ये यायचा, पट्टे सोडून पहिल्या गाडीतून उडी मारायचा, शेजारच्या भरलेल्या गाडीत शिरायचा आणि निघायचा. तरी एका गाडीला पंचवीसेक मिनिटं काढावीच लागत. दहा मिनिटांचा साठा पंचवीस मिनिटं पुरवायचा, आणि वर सगळ्यांच्या पुढं यायचं. वळणांवर पाय आपोआप सुटतो, त्यामुळं थोडी सूट मिळते. पण ती पुरत नाही. उरलेली तूट डोक्यानं भरून काढावी लागते.

मला ही गाडी आवडते ती यासाठी. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. त्या दिवसांत ज्यांनी घागरी मोजून घर चालवलं, त्यांना या खेळाचं मर्म समजावून सांगावं लागणार नाही. शेवटच्या घागरीपर्यंत आंघोळही झाली पाहिजे आणि पाहुण्याला चहाही मिळाला पाहिजे. इथं वेगाचा खेळ चालतो तो काटकसरीच्या पायावर.

पाय कुठं सोडायचा, यात सगळी कला आहे. लांबच लांब सरळ रस्ता, शेवटी काटकोनातलं वळण. पेट्रोलच्या शर्यतीतला गडी वळण अंगावर येईपर्यंत पाय दाबून धरतो आणि मग ब्रेकवर उभा राहतो. विजेच्या गाडीतला चालक वळण अजून बऱ्याच अंतरावर असतानाच पाय उचलतो आणि गाडी तशीच घरंगळू देतो. वेळ फार जात नाही, कारण तेवढ्या अंतरात गाडीचा वेग थोडाच उतरतो. वीज मात्र बरीच वाचते. वारा गाडीला जो मागं ढकलतो त्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. १६० च्या वेगाला जेवढा जोर, त्याच्या दीडपटीहून जास्त २०० ला. त्या शेवटच्या पन्नास-साठ मीटरांत जाळलेली वीज निम्मी वाऱ्याला आणि निम्मी ब्रेकला देऊन टाकण्यासारखी. आमच्याकडे उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे चालक पुष्कळ आहेत. (ते करू नये, ब्रेक हातचा जातो.) त्यांच्या डोक्यात जे गणित असतं तेच इथं पडद्यावरचे आकडे बघत, दर वळणाला, इतरांना अंगावर घेत सोडवायचं असतं.

थोडं या गाडीच्या कुळाविषयी. विजेच्या एकआसनी गाड्यांची ही मालिका फॉर्म्युला ई. तिची पहिली शर्यत १३ सप्टेंबर २०१४ रोजी बीजिंगमध्ये झाली. सुरुवातीच्या दहा संघांत भारतातला एकच, मुंबईच्या महिंद्राचा. १९४५ साली स्थापन झालेली आणि विलीज जीप जोडून नावारूपाला आलेली ही कंपनी. तिनं २०१० मध्ये बंगळुरूची रेवा ही विजेच्या छोट्या गाड्या बनवणारी कंपनी घेतली होती, त्यामुळं विजेचं वेड अगदीच अचानक आलेलं नव्हतं. पहिल्या वर्षी संघाचे चालक होते चेन्नईचा करुण चंढोक आणि ब्राझीलचा ब्रुनो सेना, म्हणजे आयर्टन सेनाचा भाचा. त्या वर्षी सगळ्या संघांना एकच गाडी होती. सांगाडा इटलीच्या दल्लाराचा, मोटार मॅक्लारेनची, बॅटरी विल्यम्सची. टायर मिशेलिनचे, कोरड्याला आणि पावसाला तेच, आपल्या रस्त्यावरच्या गाडीसारखे खाचांचे. दुसऱ्या हंगामापासून नियम सैल झाला. सांगाडा आणि बॅटरी सगळ्यांना सारखीच, पण मोटार, इन्व्हर्टर आणि गिअरबॉक्स ज्यानं त्यानं आपापला आणावा. तिथून महिंद्राच्या गाड्यांना स्वतःची नावं मिळाली. आधी एम टू इलेक्ट्रो, मग थ्री, मग फोर. ऑक्टोबर २०१५ मध्ये बीजिंगलाच जर्मनीचा निक हाइडफेल्ड तिसरा आला आणि संघानं पहिल्यांदा मंचावर पाय ठेवला.

मोटारीच्या आत काय असतं, हे पाहायचं तर रिवाइंडिंगच्या दुकानात जावं. तांब्याच्या तारेची वेटोळी लोखंडाच्या खाचांत बसवलेली असतात. त्यांतून एकामागून एक वीज फिरवली की एक अदृश्य चुंबक आत गोल फिरायला लागतो, आणि मधला दांडा त्याच्या मागं धावतो. विहिरीवरच्या मोटारीत त्या दांड्यावर नुसते पट्टे असतात. शर्यतीच्या गाडीत सहसा तगडे कायमचे चुंबक बसवलेले असतात, म्हणून मूठभर आकारातून प्रचंड ताकद निघते. पण फिरणाऱ्या चुंबकाला किती वेगानं फिरायचं हे कोण सांगतं? विहिरीवर ते महावितरण सांगतं. सेकंदाला पन्नास हेलकावे, कमी नाही, जास्त नाही. म्हणून आपली मोटार एकतर बंद असते, नाहीतर पूर्ण वेगात. गाडीला तसं करून चालणार नाही.

इथं इन्व्हर्टर येतो, आणि तो आता आपल्या बांधावरही आला आहे. सौर कृषीपंप बसवला असेल त्यानं आठवून पाहावं. सकाळी कोवळ्या उन्हात पंप हळू फिरतो, पाणी बारीक येतं, ऊन चढेल तशी धार वाढते. पॅनलकडून एकाच दिशेनं येणारी वीज घेऊन, तिचे हवे तितक्या वेगाचे हेलकावे करून मोटारीला देण्याचं काम खांबावरच्या पेटीतला कंट्रोलर करतो. शर्यतीच्या गाडीचा इन्व्हर्टर त्याच जातीचा. फरक एवढाच की तिथं ऊन चढायला चार तास लागतात आणि इथं चालकाच्या पायाचा अंगठा. सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणारे स्विच बॅटरीच्या विजेला आकार देतात. पेट्रोलच्या इंजिनाला जोर यायला आधी फेरे चढावे लागतात, म्हणून घाट चढताना एसटीचा ड्रायव्हर पहिल्या गिअरमध्ये इंजिन ओरडवतो. विजेच्या मोटारीला उभ्या जागेवरून पहिल्या क्षणी पूर्ण जोर असतो. आणि चांगलं पेट्रोल इंजिनही इंधनातली निम्म्याहून जास्त ताकद उष्णतेत घालवतं. या मोटारी हाती आलेल्या विजेतला शंभरातला नव्वदाहून जास्त भाग चाकाला देतात. आवाजही म्हणून वेगळा. गर्जना नाही, शिट्टी. जुन्या शौकिनांना तो आवाज रुचत नाही. मला तो लांबच्या शेतातल्या मोटारीसारखा ऐकू येतो.

आता बर्लिन. शर्यत टेम्पेलहोफ या जुन्या विमानतळावर होती. १९४८-४९ मध्ये शहराची नाकेबंदी झाली तेव्हा विमानं इथंच कोळसा आणि पीठ घेऊन उतरत. २००८ मध्ये तो बंद झाला. विमानं उभी राहत त्या काँक्रीटच्या लाद्यांवर भिंती मांडून वळणं तयार केली होती. शनिवारच्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढं उभा होता लुकास दी ग्रासी, त्याच्या मागं एम थ्री इलेक्ट्रोमध्ये स्वीडनचा फेलिक्स रोझेनक्विस्ट. हा त्याचा या मालिकेतला पहिलाच हंगाम. त्यानं दी ग्रासीला ओलांडलं, गाडी बदलली आणि पहिला आला. हाइडफेल्ड तिसरा. महिंद्राचा पहिला विजय, आणि मंचावर दोन माणसं.

रविवारी पुन्हा शर्यत, आणि रोझेनक्विस्ट पुन्हा रेषेवर पहिला. पण विजय मिळाला सेबास्टियन बुएमीला. कारण घरातलंच. गाडी बदलायला महिंद्राच्या दोन्ही चालकांना जवळजवळ एकाच वेळी बोलावलं होतं. रोझेनक्विस्टची भरलेली गाडी बाहेर सोडली तेव्हा हाइडफेल्डची गाडी आत शिरत होती. धोकादायक रीतीनं गाडी सोडल्याबद्दल दहा सेकंदांचा दंड झाला. दंड मिळवून तो दुसरा. युनिटं वाचवली, रस्त्यावर सगळ्यांना हरवलं, आणि घात झाला तो उंबऱ्यात. त्या हंगामाच्या शेवटी रोझेनक्विस्ट चालकांत तिसरा आणि महिंद्रा संघांत तिसरा.

वीज वाचवण्याविषयी बोललो. ती परत मिळवण्याविषयी बोललो नाही, आणि खरं आश्चर्य तिथं आहे. सायकलला डायनॅमो असायचा, तो आठवा. टायरला टेकवला की दिवा लागायचा आणि त्याच क्षणी पायडल जड व्हायचं. दिव्याची वीज कुठून येते याचं उत्तर पोटऱ्या देत. मोटार आणि डायनॅमो ही एकाच यंत्राची दोन कामं आहेत. वीज घातली तर फिरते, फिरवली तर वीज देते. चालकानं ब्रेक लावायचं म्हटलं की इन्व्हर्टर मोटारीचा डायनॅमो करतो. चाकं तिला फिरवतात, वीज बॅटरीकडे परत वाहते आणि गाडी जड पायडलसारखी अडून मंदावते. ब्रेकच्या पट्ट्या तापवून जी ताकद हवेत गेली असती तिच्यातला मोठा भाग पुन्हा बॅटरीत येतो.

हे दूरदेशीचं वाटत असेल तर गोदावरीच्या उगमाकडं थोडं सरकू. विष्णुपुरीच्या वर, पैठणला जायकवाडीच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचं जलविद्युत केंद्र आहे. त्याचं यंत्र दोन्हीकडे फिरणारं आहे. धरणाचं पाणी खाली येताना ते टर्बाइन होऊन वीज देतं, आणि उलटं फिरवलं की पंप होऊन खालचं पाणी वर धरणात टाकतं. पाणी एकच, ते कधी वीज देतं, कधी वीज घेऊन वर चढतं. शर्यतीच्या गाडीत हाच खेळ मिनिटाला कितीतरी वेळा होतो. दर फेरीत थोडी गळती असतेच, म्हणून ब्रेक लावून परत मिळवण्यापेक्षा आधीच पाय सोडून न खर्चणं केव्हाही स्वस्त. मिळकत वाढवण्याआधी उधळपट्टी थांबवा, असं आमच्या आज्या सांगत. भौतिकशास्त्रही तेच सांगतं.

२०१८-१९ पासून दुसऱ्या पिढीची गाडी आली. बॅटरी ५४ युनिटांची, एकाच गाडीत पूर्ण शर्यत. तो उड्या मारण्याचा तमाशा संपला. मला त्याची थोडी चुटपुट आहे, पण असो. चालकाच्या डोक्यावर टायटॅनियमची कमान आली. मागचा उभा पंखा गेला, कारण शहरातल्या अरुंद रस्त्यांवर पंख्यानं गाडी दाबून धरण्यापेक्षा वाऱ्याचा अडथळा कमी करून युनिटं वाचवणं परवडतं. शर्यतीतली मर्यादा २०० किलोवॅट. पुन्हा तोच भागाकार केला तर सोळाएक मिनिटांत बॅटरी रिकामी, आणि शर्यत ४५ मिनिटं अधिक एक फेरी.

त्या 'अधिक एक फेरी'नं काय होतं हे १६ फेब्रुवारी २०१९ रोजी मेक्सिको सिटीत दिसलं. महिंद्राच्या एम फाइव्ह इलेक्ट्रोमध्ये होता पास्काल वेरलाइन. सगळ्यांच्या पुढून सुटलेला, शर्यतभर पुढं. मागं निस्सानचा ऑलिव्हर रोलंड, आणि त्याच्या मागं ऑडीतला दी ग्रासी, तोच बर्लिनचा. पाठलाग करणाऱ्यांना अडवण्यात वेरलाइनची युनिटं जास्त खर्च होत होती. शेवटाशी रोलंडचा साठा संपला आणि तो बाजूला पडला. आता दी ग्रासी. शेवटची फेरी, शेवटचं वळण, समोर रेषा. वेरलाइनची गाडी रेषेपासून काही मीटरांवर मेली. घड्याळ बंद पडावं तशी. ताकद शून्य, नुसती मागच्या वेगानं पुढं सरकणारी. दी ग्रासी उजवीकडं सरून तिच्या बाजूनं निघाला आणि ०.२१० सेकंदानं जिंकला. पूर्ण शर्यतीत तो पुढं होता तो एवढ्याच काही मीटरांत. वरून वेरलाइनला वळण कापल्याबद्दल पाच सेकंदांचा दंड झाला आणि तो सहाव्या क्रमांकावर घसरला.

पाणी शेवटच्या वाफ्याला पोचलं आणि लाइट गेली, हे दुःख ज्याला माहीत आहे त्यानं ती चित्रफीत एकदा पाहावी.

महिंद्रानं जिंकल्या त्या शर्यती एकंदर पाच धराव्या लागतात, २०२१ पर्यंतच्या, आणि त्यांतल्या काही नशिबानं पदरात टाकलेल्या आहेत. हे लपवण्यात अर्थ नाही. डिसेंबर २०१७, हाँगकाँग: रोझेनक्विस्ट पहिल्याच फेरीत गिरकी घेऊन मागं पडला. पुढं असलेल्या एदुआर्दो मोर्ताराची गाडी शर्यत संपता संपता गरकन फिरली. जिंकला डॅनियल आब्ट, तर त्याच्या गाडीतल्या सुट्या भागांवरचे क्रमांक कागदपत्रांशी जुळेनात म्हणून तो बाद. विजय आला रोझेनक्विस्टकडं. गंमत अशी की तोच मोर्तारा पुढं महिंद्राचा चालक झाला. त्यानंतरच्या महिन्यात मराकेशला मात्र रोझेनक्विस्टनं बुएमीला उशिरा गाठून रीतसर ओलांडलं. माझ्या मते पाचांतला सगळ्यात निखळ विजय हा. कारण तो शेवटपर्यंत राखून ठेवलेल्या युनिटांवर मिळवलेला होता. जानेवारी २०१९ मध्ये त्याच मराकेशला बीएमडब्ल्यूचे दोन्ही चालक पुढं असताना एकमेकांनाच धडकले आणि जेरोम दाम्ब्रोझियो महिंद्राची गाडी घेऊन त्यातून पार झाला. पाचवा विजय लंडनचा, २५ जुलै २०२१, अलेक्स लिन, गाडी एम सेव्हन इलेक्ट्रो. तो रस्ता अर्धा प्रदर्शनाच्या दालनात, अर्धा बाहेर. त्या दिवशी पुन्हा दी ग्रासी! सुरक्षा गाडीमागं सगळे हळू चालले असताना त्यानं गॅरेजच्या गल्लीतून जाऊन सगळ्यांच्या पुढं यायची शक्कल लढवली, पण तिथं गाडी पूर्ण थांबवली नाही असं ठरून दंड झाला, आणि तो न पाळल्यानं त्याला बाद केलं. मालिकेला जागतिक अजिंक्यपदाचा दर्जा त्याच हंगामापासून मिळाला होता.

ही गाडी भारतीय होती का, असा प्रश्न कोणी विचारला तर मी थोडा अडखळतो. सांगाडा इटलीचा, बॅटरी इंग्लंडची, एम सेव्हनची मोटार जर्मनीच्या झेडएफची, संघाचा मुक्काम इंग्लंडमध्ये, जिंकणारे चालक स्वीडन, बेल्जियम, इंग्लंडचे. आपला पैसा, आपलं नाव आणि पहिली आठ वर्षं संघाचं नेतृत्व करणारा दिलबाग गिल हा आपला माणूस. नाकावर तिरंग्याचे रंग होते म्हणून छाती फुगवणं मला जमत नाही. पण महिंद्राची पहिली जीपसुद्धा बाहेरून आलेले भाग जोडूनच उभी राहिली होती. आज चाकणच्या कारखान्यातून कंपनीच्या विजेच्या मोटारगाड्या बाहेर पडतात. शर्यतीतलं किती त्यांच्यात उतरलं हे कंपनीच्या जाहिरातीवरून ठरवू नये. इन्व्हर्टर आणि उष्णता सांभाळण्याचं ज्ञान उतरत असणार, बाकी रंग आणि रेषा.

११ फेब्रुवारी २०२३ रोजी या गाड्या आमच्या दारात आल्या. हैदराबादला. नांदेडकरांना हैदराबाद परकं नाही. लग्नाचा बस्ता, मोठा दवाखाना, निजामाच्या काळापासूनचे सोयरे, सगळं तिथं. हुसेनसागराच्या काठानं तीन किलोमीटरला थोडा कमी असा रस्ता आखला होता. जिंकला फ्रान्सचा जाँ-एरिक व्हेर्न. त्या हंगामात महिंद्राचा राखीव चालक होता मुंबईचा जेहान दारूवाला. पुढच्या वर्षी तो मासेरातीकडून याच मालिकेत उतरला. महिंद्राचे दिवस तेव्हा वाईट होते. हैदराबादनंतर दोन आठवड्यांनी केपटाउनला मागच्या सस्पेन्शनचा भाग धोकादायक वाटला म्हणून संघानं गाड्या शर्यतीआधीच मागं घेतल्या. महिंद्राची मोटार वापरणाऱ्या दुसऱ्या संघानंही घेतल्या. भर हंगामात स्वतःहून गाडी उभी करणं सोपं नसतं. मला त्या निर्णयाबद्दल आदर वाटतो. हैदराबादची दुसऱ्या वर्षीची शर्यत रद्द झाली, ती अजून परतलेली नाही.

त्या हंगामातली गाडी तिसऱ्या पिढीची होती. तिला पुढच्या चाकांवरही मोटार बसवली, फक्त वीज परत घेण्यासाठी. मागची ३५० किलोवॅट आणि पुढची २५०, मिळून ६०० किलोवॅटनं ब्रेक लागतो, म्हणजे दीडशेच्या वर विहिरीच्या मोटारी एकदम उलट्या फिरून डायनॅमो झाल्यासारखं. मागच्या चाकांना नेहमीचे ब्रेक ठेवलेच नव्हते, नंतर धोक्याच्या वेळेसाठी सोय करावी लागली. शर्यतीत खर्च होणाऱ्या विजेतला सुमारे चाळीस टक्के भाग ब्रेकमधूनच परत येतो, असं फॉर्म्युला ई सांगते. म्हणून बॅटरी मोठी करण्याऐवजी चक्क लहान केली आणि चालकासह गाडीचं वजन ९०० किलोंवरून ८४० वर आलं.

२०२६-२७ च्या हंगामापासून चौथी पिढी ठरली आहे आणि महिंद्रानं तिच्यात उतरायचं आधीच कबूल केलं आहे. जोर जास्तीत जास्त ६०० किलोवॅटचा, चारही चाकांना. शर्यतीसाठी वीज ५५ युनिटं. पाच एचपीच्या मोटारीच्या दोन पाळ्या.